मापाचं खोगीर

खोगीर उचललं तसे त्याच्याबरोबर केसही आले. चिमूटभरच, पण शिंगरूनं ते उजेडात धरून बघितले. त्यानं ते लोखंडी, लाल रेक्झिनचं धूड जमिनीवर ठेवलं आणि घोडीच्या मानेमागच्या उंचवट्यावरून हात फिरवला. भुरीनं कातडी थरथरवली आणि मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

शिंगरू हे त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी बापाच्या घोडीमागं तो डोंगराची वाट धावत चढायचा, तेव्हा घोडेवाल्यांनी ठेवलेलं हे नाव. पुढं बाप गेला, याच्या मिशा पिकल्या, गुडघे बोलायला लागले, तरी पायथ्याला सगळे त्याला शिंगरूच म्हणत. डोंगरमाथ्यावर मोठं तळं होतं. ते बघायला लांबलांबून माणसं यायची. गाड्यांचा रस्ता पायथ्याच्या फाटकापाशी संपायचा. पुढची सगळी दगडी वाट, आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडी. त्या वाटेवर पायथ्याच्या वस्तीतली बहुतेक घरं जगत होती.

बायको गोठ्यात वैरण टाकत होती. तिनं येऊन भुरीच्या पाठीवर तळहात ठेवला.

"कढत लागतंय हाताला," ती म्हणाली. "आत पिकतंय. हिला बसवा काही दिवस."

"हंगाम तोंडावर आलाय आणि हिला बसवू? मग आपण काय बसून खायचं?"

"मग जुनं खोगीर घाला. मी त्याच्या खालची नमद्याची गादी नव्यानं भरून देते."

"फाटकावर इन्स्पेक्टर उभा असतो. लाल खोगीर नसलं तर आत सोडत नाही, तुला माहीत नाही का?"

तिला माहीत होतं. गेल्या पावसाळ्यात पर्यटन खात्यानं सगळ्या घोडेवाल्यांना एकसारखी खोगिरं वाटली होती. सहली काढणाऱ्या कंपन्यांनी म्हणे वर तक्रार केली होती, की दर डोंगरावर दर माणसाचं खोगीर निराळं, कुणाचं फाटकं, कुणाचं गोणपाटाचं. पाहुणे बघूनच घाबरतात. खात्यानं मग देशभर एकच खोगीर ठरवलं. खोगीर तसं मजबूत होतं. फक्त घोडी एका मापाची नसतात. भुरीची पाठ उंच, हाडं वर आलेली. त्या लोखंडी कमानीची पुढची कड नेमकी तिच्या उंचवट्यावर टेकायची.

शिंगरूनं खाली दुमडलेलं गोणपाट घातलं. पुढं त्याच्यावर स्वतःचं कांबळं. मग बायकोच्या जुन्या लुगड्याची घडी. हंगाम असा लागला की फाटकापाशी माणसांचा नुसता लोंढा. सकाळी धुकं असताना पहिली खेप निघायची आणि ऊन उतरेपर्यंत वर-खाली, वर-खाली. चढताना शिंगरू लगाम धरून पुढं, गुडघा दर पावलाला कुरकुरतो आहे, पाठीवर घामाचं मीठ वाळतं आहे, आणि मागं भुरीचा श्वास भात्यासारखा. वळणावर ती कान मागं पाडायची. आधी कधी पाडत नसे. शिंगरू ते बघायचा आणि समोर बघायला लागायचा.

एक दिवस एक धिप्पाड गृहस्थ बसले. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी तळ्याकडं पाठ करून घोडीवर बसूनच फोटो काढायला सांगितला. त्यांची बायको मोबाइल धरून म्हणाली, "अहो घोडेवाले, जरा बाजूला व्हा ना. तुम्ही मध्ये येताय."

शिंगरू बाजूला झाला. लगाम सुटला तशी भुरीनं पाठ खाली घातली, कण्हल्यासारखा आवाज केला.

"हसतेय बघा!" गृहस्थ म्हणाले.

त्या संध्याकाळी लुगड्याच्या घडीला रक्त लागलं.

फाटकाजवळच्या झाडाखाली तेव्हा एका संस्थेची बाई टेबल मांडून बसायची. जनावरांवर फुकट उपचार करायची. तिला सगळे पट्टीवाली बाई म्हणत. बायकोनं शिंगरूला जवळजवळ ढकलतच तिच्याकडं नेलं. बाईनं जखम धुतली, आतला पू काढला, मलम भरलं. हात हलका होता तिचा. भुरी डोळे मिटून उभी राहिली.

"खोगीर लागलंय हिला," बाई म्हणाली. "हंगामभर पाठीवर काही ठेवू नका दादा. हाडापर्यंत जाईल."

"बरं बाई."

"फोटो काढू? नवं पर्यटन धोरण लिहिलं जातंय, सगळ्या देशासाठी. मोठी माणसं इथं येणार आहेत. जनावरांचे हाल दाखवल्याशिवाय त्यांना पटणार नाही."

शिंगरूला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट त्यानं भुरीला उजेडाकडं वळवलं, तोंड हातानं धरलं, म्हणजे फोटो हलायला नको.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं पट्टीवरच घडी ठेवली, घडीवर खोगीर ठेवलं आणि पोटाखालचा तंग कसला. बायको दारात उभी होती. तिच्या तोंडाकडं न बघता तो निघाला, आणि फाटकाला जाताना झाड टाळून, हॉटेलच्या मागच्या बोळानं गेला. बाईनं बघू नये म्हणून.

शिंगरूची थोरली बहीण नवरा वारल्यापासून त्याच्याकडंच राहायची. तिला सगळी वस्ती आक्का म्हणायची. पायथ्याच्या मोठ्या हॉटेलात ती चादरी धुवायला होती. हात सोड्यानं पांढरे पडलेले, बोटांच्या चिरा कधी भरायच्या नाहीत. ती रात्रीच्या भाकरीला बातम्या घेऊन यायची.

"वरचे लोक आलेत. धोरणवाले. शेठ त्यांना ताटात काय वाढू नि काय नको असं करतोय," ती म्हणाली. शेठ म्हणजे हॉटेलचा मालक. सगळ्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेचा तोच अध्यक्ष. "त्याला रोपवे पाहिजे. खालून वर तारेवरून डबे जाणार. त्याच्याच अंगणातून सुटणार."

"आणि घोडी?" शिंगरूनं विचारलं. "त्यांच्या बोलण्यात घोडी कुठं आहेत?"

"आहेत की. वासात आहेत. लिदीचा वास पाहुण्यांना सोसत नाही म्हणे." आक्कानं भाकरी मोडली. "त्यांच्या चादरी मी धुते. वासाचं मला नको सांगू म्हणावं."

बैठकीचं बोलावणं घोडेवाल्यांनाही आलं. फाटकावर सूचना लागली: भागधारकांची बैठक, हॉटेलचं सभागृह, सर्वांनी उपस्थित राहावे. शेजारचा घोडेवाला, ज्याला सगळे भोंगा म्हणत, ती मोठ्यानं वाचत होता. त्याचा आवाज असा की तो कानात बोलला तरी पलीकडच्या आळीत ऐकू जायचं.

"भागधारक! आपल्याकडं रे कसला भाग?"

"घोड्याचा मागचा," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

सभागृह थंडगार होतं. घोडेवाल्यांना शेवटच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. पुढच्या खुर्च्यांना पांढरी कापडं. चपला बाहेर काढाव्यात की नाही, हे कुणाला कळेना. काहींनी काढल्या, काहींनी नाही, आणि काढलेले मग पाय खुर्चीखाली लपवून बसले. आक्का पाण्याचे ग्लास फिरवत होती. मधोमध राजधानीच्या मोठ्या मॅडम. पिकल्या केसांच्या, दमलेल्या, पण सगळ्यांचं नीट ऐकून घेणाऱ्या. शेठनं रोपवेबद्दल सांगितलं. सहलीच्या कंपन्यांच्या माणसानं शिस्त, सुरक्षा, एकसारखेपणा असं बरंच काही सांगितलं. घोडेवाल्यांचा पुढारी उठला. त्याचं शेठशी आधीच सूत जुळलेलं, हे सगळ्यांना माहीत होतं; त्याला रोपवेच्या तिकीटखिडकीचा ठेका हवा होता. तो म्हणाला, "विकासाला आमचा विरोध नाही," आणि बसला.

मग पट्टीवाली बाई उठली. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर चित्रं येऊ लागली. कुठला कुठला सुजलेला पाय, कुणाच्या तोंडाच्या कडा फाटलेल्या. आणि मग भिंतभर मोठी, लाल, ओली जखम. तिच्या कडेला मळकट करडे केस. कोपऱ्यात तोंड धरणारा एक हात.

शिंगरूला आधी हात ओळखू आला.

सभागृहात कुणीतरी "अरेरे" म्हणालं. एका बाईनं तोंडाला रुमाल लावला.

"याचसाठी रोपवे," शेठ हलकेच म्हणाला. "हे चित्र बाहेरच्या देशात गेलं तर कोण येईल इथं?"

"कुणाचं जनावर आहे हे?" मोठ्या मॅडमनी विचारलं.

पुढारी चटकन उभा राहिला. "आमच्यापैकी कुणाचं नाही मॅडम. हंगामात बाहेरचे लोक घुसतात, त्यांच्यातलं असेल. आम्ही जनावराला लेकरासारखं जपतो."

शेवटच्या रांगेत सगळे खाली बघत बसले. भुरी कुणाची हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भोंग्यानं शिंगरूच्या मांडीवर हात दाबला: बस. शिंगरूही बसूनच राहिला असता. पण आक्का ट्रे धरून भिंतीशी उभी होती, आणि ती पडद्याकडं नाही, त्याच्याकडं बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता. त्याला वाटलं, आता गप्प बसलो तर रोज रात्री भाकरी हिच्या समोरच खायची आहे.

तो उठला. खुर्ची करकरली.

"माझी आहे घोडी."

सगळ्या माना मागं वळल्या. त्याच्या डोक्यात खूप होतं. उंच पाठ, लोखंडी कमान, फाटकावरचा नियम. तोंडातून निघालं ते एवढंच: "खोगीर लागतं तिला. ते तिच्या मापाचं नाही. मला कळत होतं. तरी चढवलं."

"कळत होतं तर का चढवलं?" मॅडमनी विचारलं. त्यांनी ते रागानं विचारलं नाही, म्हणून उत्तर देणं आणखी अवघड झालं.

"त्याशिवाय आत सोडत नाहीत. आणि हंगाम होता."

"खोगीर तपासून पास झालेलं आहे," खात्याचा इन्स्पेक्टर मधेच म्हणाला. "पस्तावा वगैरे ठीक आहे. पण हा गुन्हा आहे." तो खुर्च्यांमधून वाट काढत आला. घोडेवाल्यांच्या छातीवर परवान्याचा पितळी बिल्ला असे. तो त्यानं सगळ्यांदेखत शिंगरूच्या सदऱ्यावरून काढून घेतला. टाचणी अडकली होती. ती निघेपर्यंत दोघं छातीला छाती लावून उभे राहिले. इन्स्पेक्टरनं शेवटी झटका दिला तेव्हा सदरा फाटला.

पट्टीवाली बाई पुढं उभी होती. "मला हे नको होतं," ती म्हणाली, पण तोवर पडद्यावर पुढचं चित्र आलं होतं.

सुक्याबरोबर ओलंही जळतं. दुसऱ्या दिवशी फाटक बंद करून सगळ्या घोड्यांच्या पाठी तपासल्या. केस गेलेलं, सुजलेलं जे जे सापडलं ते ऐन हंगामात घरी बसलं. त्यात भोंग्याचं घोडंही होतं. तांबडं, तरणंबांड, लागलेलं असं काही नव्हतं, नुसता एक जुना डाग होता. त्याच्यावरची बंदी उठवायला भोंग्याला आठवडाभर हेलपाटे घालावे लागले. त्या दिवसापासून भोंगा शिंगरूशी बोलेना. समोरून आला तर पलीकडच्या कडेनं जायचा. त्याचा आवाज मात्र भिंतीपलीकडून येतच होता: "सत्यवादी झालेत लोक! स्वतःचं घर जाळलं ते जाळलं, शेजाऱ्याचंही पेटवलं!"

बायको भांडी घासताना ऐकायची. "त्यांचं तरी काय चुकलं," ती म्हणाली.

"म्हणजे माझं चुकलं?"

"तुमचं आधी चुकलं होतं. त्या दिवशी नाही."

घर चालायचं थांबत नाही. ती डोंगरउतारावर गवत कापून भारे डोक्यावरून फाटकाशी आणायची आणि बाकीच्या घोडेवाल्यांना विकायची. काही घ्यायचे, काही तोंड फिरवायचे. शेठच्या हॉटेलपुढं गाड्या लावायला नवी जागा करत होते, तिथं शिंगरू दगड फोडायला जायचा. पाहुण्यांच्या गाड्या अंगावर धूळ उडवत जायच्या. हातोड्याचे दणके खांद्यातून उतरून गुडघ्यात बसायचे. भुरी गोठ्यात उभी असायची. जखम तळातून भरत आली, खपली धरली, पडली. नवे केस आले ते पांढरे आले.

पावसाळा उलटल्यावर एका सकाळी पट्टीवाली बाई घरी आली. बायकोनं तिला बस म्हटलं नाही, पण पाणी दिलं.

"धोरण आलं," बाई म्हणाली. ती आपणहून उंबऱ्यावर बसली. "रोपवे होणार. शेठचं खरं झालं. तिकीटखिडकी तुमच्या पुढाऱ्याला. घोडीही राहणार, ते आमचं. पण निम्मीच. वाटेला तेवढीच झेपतात असं खात्याचं म्हणणं. कुणाची राहणार त्याच्या चिठ्ठ्या निघतील."

"म्हणजे सगळ्यांचं थोडं थोडं," शिंगरू म्हणाला.

"धोरण असंच होतं दादा. मी ढीगभर लिहून दिलं होतं. दोनचार ओळी आल्या." तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "तुमचीही एक आली. खोगीर जनावराच्या मापाचं असावं, स्थानिक कारागिराकडून केलेलं चालेल. मोठ्या मॅडमनी ती स्वतः घातली. आणि तुमचा बिल्ला परत द्यायला सांगितलाय. चिठ्ठीत तुमचं नाव आहे."

 शिंगरूला छातीवर, सदरा फाटला होता त्या जागी हात न्यावासा वाटला.

"ओळ काय खायची असते का?" बायको म्हणाली. मग उठता उठता, "चहा टाकते. बसा नीट आत."

चिठ्ठ्या फाटकापाशी निघाल्या. शिंगरूची निघाली. भोंग्याची निघाली नाही. भोंगा गर्दीतून कुणाला काही न बोलता निघून गेला.

पण बिल्ला माणसाला होता, जनावराची तपासणी वेगळी. सरकारी डॉक्टर आला. त्यानं भुरीच्या पाठीवरचे पांढरे केस बाजूला सारले, कातडी चिमटीत धरून बघितली. ती कागदासारखी पातळ होती, खाली हाड.

"हिच्यावर आता खोगीर नको. कधीच नको," तो म्हणाला. "मापाचं असलं तरी."

शिंगरूला वाद घालता आला असता. त्यानं स्वतः तिथं बोट ठेवून बघितलं. डॉक्टर खरं बोलत होता. "बरं," तो म्हणाला, आणि भुरीला मोकळ्या पाठीनं घरी घेऊन आला.

बायको चुलीपाशी बसली होती. सगळं ऐकून घेतलं. मग उठली, पदर खोचला, म्हणाली, "चला."

"कुठं?"

"भोंग्याकडं. तुमच्याकडं बिल्ला आहे, घोडी नाही. त्याच्याकडं घोडं आहे, बिल्ला नाही. देवानं एवढी तरी अक्कल दिली असेल ना तुम्हा दोघांना."

भोंग्याच्या दारात त्याची बायको आली. "घरात नाहीत," ती म्हणाली, आणि त्याच वेळी आतून भोंग्याचा आवाज आला, "सांग, घरात नाही म्हणून!"

ती कपाळाला हात लावून बाजूला झाली.

भोंगा बाहेर आला. शिंगरूनं सांगून टाकलं: घोडं तुझं, बिल्ला माझा, मिळेल ते निम्मं-निम्मं. वाटेवर चालायला बिल्लेवालाच लागतो. बाकी सगळं, वैरण, नाल, खरारा, तुझ्याकडं.

"वा! माझं घोडं घेऊन तू डोंगर चढणार आणि मी घरी बसून शेण काढू?"

"काढा की," त्याची बायको म्हणाली. "मी एवढी वर्षं काढतेच आहे, मेले नाही."

भोंग्यानं तिच्याकडं बघितलं, मग शिंगरूकडं. "तू त्या दिवशी गप्प बसला असतास तर आज सगळ्यांची घोडी वाटेवर असती."

"चिठ्ठ्या निघाल्याच असत्या. ते वर ठरलेलं होतं."

"तरी."

"तरी खरं आहे तुझं," शिंगरू म्हणाला. "तुझ्या घोड्याला उगाच बसावं लागलं. ते माझ्यामुळं."

 भोंगा अंगणातल्या तांबड्याची मान खाजवत उभा राहिला. शिंगरूच्या बायकोनं तांबड्याच्या पाठीवर दोरी टाकून माप घ्यायला सुरुवात केली. आडवं घेतलं, उभं घेतलं, गाठी मारल्या. नमदा ती भरणार होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणी थांबवलंही नाही.

"मागं जास्त भर," भोंगा शेवटी म्हणाला. "त्याची पाठ मागं उतरती आहे."

"दिसतंय मला."

हंगामाच्या पहिल्या सकाळी दोघं फाटकापाशी आले. वर रोपवेच्या खांबांसाठी खोदायला सुरुवात झाली होती. सुरुंगाचा आवाज आला की तांबडा कान टवकारायचा. भोंग्यानं तंग कसला, ढिला केला, पुन्हा कसला. पाय ठेवायच्या रिकिबींची लांबी मोजली. एक बारीकशी आजी बसली. इन्स्पेक्टरनं खोगिराखाली हात घालून बघितला आणि मान हलवली.

"चला, पुढं चला."

भोंग्यानं लगाम सोडला नाही.

"वरच्या वळणावर ते उजवीकडं ओढतं," तो म्हणाला. "ओढू दे. झटका देऊ नकोस."

"नाही देणार."

"कुणी लई जड आलं तर सांग, घोडं लंगडतंय म्हणून."

"लंगडत नाही ते."

"अरे, सांगायला काय जातं!"

मागं रांग खोळंबली होती. भोंग्यानं लगाम शिंगरूच्या हातात दिला आणि फाटकाच्या अलीकडं उभा राहिला. बिल्ल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. पण आवाजाला फाटक नव्हतं. "सावकाश! दगड बघ! हां, असं!" पहिलं वळण ओलांडेपर्यंत तो आवाज येत राहिला.

दुसऱ्या वळणावर तो ऐकू येईनासा झाला, तसा तांबडा थांबला. मान वळवून खाली बघायला लागला.

"काय झालं हो?" आजीनं विचारलं.

"काही नाही आजी. मालकाला बघतोय," शिंगरू म्हणाला.

त्यानं लगाम ओढला नाही. घोड्याचं बघून होईपर्यंत तो दुखरा गुडघा सरळ करून उभा राहिला. मग तांबड्यानं आपणच फुरफुर केलं, पाय उचलला, आणि ते चढायला लागले.